पहिले २८ दिवस

१९९०च्या आसपास गडचिरोलीच्या खेड्यात शंभरातली पंचाण्णव बाळं घरातच जन्माला यायची. सोबतीला गावातली दाई आणि घरातल्या दोन-तीन बाया. वार पडेपर्यंत सगळ्यांचं लक्ष आईकडे असे, तोवर बाळ जमिनीवर उघडंच पडलेलं राही. पहिलं पिवळसर दूध वाईट म्हणून पिळून टाकलं जाई. पोट मोठं झालं तर बाळंतपण अडेल, या भीतीने पोटुशी बाई शेवटच्या महिन्यांत मुद्दाम कमी जेवे, आणि मूल आधीच दीड-दोन किलोचं निघे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते दूध ओढेनासं होई, रडणं बारीक होई, हातपाय लुळे पडत. मग एका सकाळी ते गेलेलं असे. घरातले त्याला गावाबाहेर पुरून येत. पुष्कळदा त्याचं नावही ठेवलेलं नसे, आणि जन्माची नोंद नसल्यामुळे मृत्यूचीही नसे. सरकारी कागदांपुरतं ते मूल कधी जन्मलंच नव्हतं.

अशा मुलांना वाचवण्याचं शास्त्र तेव्हा जगात होतं. जंतुसंसर्गावर प्रतिजैविकं होती, गुदमरलेल्या बाळाच्या छातीत हवा भरायचं तंत्र होतं, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची हे माहीत होतं. पण ते सगळं मोठ्या रुग्णालयाच्या नवजात विभागात होतं, आणि मूल भामरागडच्या नाही तर धानोऱ्याच्या जंगलातल्या झोपडीत. मधलं अंतर नुसतं रस्त्याचं नव्हतं. बाळंतीण घराबाहेर पडत नसे, आदिवासी माणसाला शहरातल्या दवाखान्याचा धाक वाटे, आणि इतक्या कोवळ्या जिवाला डॉक्टरकडे न्यायचं असतं हेच कुणाच्या मनात येत नसे. माहीत असलेलं औषध आणि मरणारं मूल यांच्यामध्ये नेमकं काय आडवं येतं, ते शोधायचं, त्यावरचा उपाय त्याच जागी करून पाहायचा आणि तो लागू पडला की नाही हे काटेकोरपणे मोजायचं, या कामाला उपयोजित आरोग्य संशोधन म्हणतात. प्रयोगशाळेतल्या संशोधनाइतका मान त्याला मिळत नाही. मला तो मिळायला हवा असं वाटतं, आणि गडचिरोलीची हकिगत सविस्तर सांगण्याचं कारणही तेच आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलं आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत आलं. जिल्हा नवाच होता. १९८२ साली तो चंद्रपुरापासून वेगळा झाला होता. त्यांच्या संस्थेचं नाव ‘सर्च’. सुरुवातीच्या काळात त्यांना या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर असल्याचं आढळलं. वैद्यकीय दृष्टीने शोध महत्त्वाचा होता, पण गावकऱ्यांना त्यात रस वाटला नाही. त्यांची दुखणी वेगळी होती आणि ती त्यांना कुणी विचारलेलीच नव्हती. तिथून संस्थेचा क्रम बदलला. आधी लोकांशी बोलायचं, मग प्रश्न ठरवायचा. पुढे संस्थेच्या शोधग्राम या परिसरात दवाखाना उभा राहिला तोही आदिवासींच्या घरांसारखा, आणि त्याला नाव मिळालं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी.

बायांशी बोलताना अंगावरून पाणी जाण्याच्या, कंबर-ओटीपोट दुखण्याच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येत. त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी खात्याला आणि वैद्यकीय नियतकालिकांनाही दिसे. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्यांच्यापैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची याआधी कधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी झाली होती. बाकीच्यांनी ते दुखणं बाईच्या जन्माचा भाग म्हणून अंगावर काढलं होतं. जगभरच्या आरोग्य धोरणांत स्त्रीच्या आरोग्याची व्याख्या पुढे रुंदावली, त्यामागे या दोन गावांतल्या बायांचा मोठा वाटा आहे.

मुलांच्या मृत्यूंकडे वळल्यावर पहिला मोठा शत्रू दिसला तो न्यूमोनिया. १९८८ मध्ये इथे जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १२१ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. न्यूमोनियाचं औषध स्वस्त होतं. अडचण निदानाची होती. साधा खोकला कुठला आणि जिवावरचा कुठला, हे क्ष-किरण यंत्राशिवाय, स्टेथोस्कोपशिवाय, गावात बसून कसं ओळखायचं? श्वासाचा वेग मोजला तर ते बऱ्यापैकी अचूक ओळखता येतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा श्वास घेत असेल तर धोका. त्याहून मोठ्या तान्ह्यासाठी ही सीमा पन्नासची. पण गावातल्या कितीतरी दायांना बारापलीकडे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून लाकडी चौकटीत मण्यांच्या दोन ओळी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, असं एक साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हात लाल मण्यापर्यंत पोचला, तर न्यूमोनिया. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. या वस्तूत मला या सगळ्या कामाचं सार दिसतं. दाईला शंभरपर्यंत मोजायला शिकवण्यात वर्ष घालवण्याऐवजी तिला जेवढं येतं तेवढ्यावर अचूक निदान बसवलं गेलं.

उपचार करणाऱ्यांत संस्थेचे कर्मचारी होते, गावातले आरोग्य कार्यकर्ते होते आणि याच दाया होत्या. १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’ने निकाल छापले. उपचार झालेल्या ६१२ रुग्ण मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेसाठी घेतलेल्या भागात हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. न्यूमोनियाने होणारे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू उपचाराच्या भागात दर हजारी ८.१, शेजारच्या भागात १७.५.

एवढं झाल्यावर मोजणीत एक गोष्ट उघड झाली. वर्षाच्या आत मरणाऱ्या मुलांपैकी आता बहुतेक जण पहिल्याच महिन्यात जात होते. जन्मापासूनच्या या २८ दिवसांना वैद्यकात नवजात काळ म्हणतात. या काळातल्या आजारी बाळाला रुग्णालयातच भरती करायचं, असं पाठ्यपुस्तक सांगे. गडचिरोलीत त्या पानाचा उपयोग नव्हता.

मग १९९३ मध्ये संशोधनाची घडी बसली. ३९ गावांत काम करायचं आणि ४७ गावं तुलनेला ठेवायची. दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायचा, आणि उपाय करणाऱ्यांनीच आपले आकडे लिहू नयेत म्हणून नोंदणीसाठी वेगळी माणसं ठेवायची. सुरुवातीची दोन वर्षं या पायाभूत मोजणीत गेली. ऐकायला हे कंटाळवाणं काम वाटतं. पण सुरुवातीचा आकडाच कच्चा असेल तर पुढची घट खरी की नोंदीतली, हे कुणालाच सांगता येत नाही. नवजात मृत्युदर निघाला कामाच्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२, तुलनेच्या गावांत ५८.

३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत. १९९५-९६ या पहिल्या वर्षात त्यांचं मुख्य काम पाहणं आणि लिहिणं हे होतं. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ताप-थंडी पाहायची, पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा घरी जायचं आणि जे दिसेल ते तक्त्यात भरायचं. झोपडीत जन्मलेल्या मुलाचा पहिला महिना कसा जातो, याचं इतकं बारकाईचं चित्र जगात तोवर कुणी काढलेलं नव्हतं. त्या वर्षी ७६३ बाळं पाहिली गेली. दहातली चार अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक बाळांना, ५४ टक्क्यांना, वैद्यकीय मदतीची गरज पडली. प्रत्यक्षात ती मिळाली २.६ टक्क्यांना. चाळीस बाळं गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक रक्तातल्या जंतुसंसर्गाने आणि न्यूमोनियाने, पाचातलं एक जन्मताना गुदमरून, आणि काही फार अपुऱ्या दिवसांची असल्यामुळे.

आजारी बाळ दिसलं की दवाखान्यात न्या, असं घरच्यांना सांगितलं जाई, पण क्वचितच कुणी नेई. वर्षभर हे बघणं आरोग्यदूतांना आणि संशोधकांना किती जड गेलं असेल याची कल्पना करता येते. पुढे तुलनेच्या ४७ गावांचा प्रश्नही तसाच होता. तिथे सरकारी आरोग्यसेवा, अंगणवाडी हे सगळं चालूच राहिलं. काही काढून घेतलेलं नव्हतं. तरी काही मैलांवर मुलं वाचताहेत आणि इथे पूर्वीइतकीच जाताहेत, हे माहीत असताना तीन वर्षं मोजत राहणं सोपं नाही. माझ्या मते ते योग्य होतं. तुलना नसती तर मिळालेल्या यशाचं श्रेय कुणी पावसाला दिलं असतं, कुणी रस्त्यांना, आणि दिल्लीतल्या कुठल्याही समितीने हा उपाय देशभर न्यायला मान्यता दिली नसती. पण हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारला गेला पाहिजे, यातही मला शंका नाही.

दुसऱ्या वर्षापासून आरोग्यदूतांच्या हाती एक एक काम टप्प्याटप्प्याने दिलं गेलं. बाळ जन्मल्याबरोबर कोरडं करून गुंडाळायचं, लगेच छातीशी लावायचं, गुदमरलं असेल तर मुखवटा लावून श्वास द्यायचा. कमी वजनाच्या बाळासाठी उबदार झोळीवजा पिशवी. नाळेची काळजी. बाळंतिणीला चारीठाव जेवायला घालायचा आग्रह, आणि तो तिच्या सासूसमोर, कारण घरात ऐकलं जातं ते सासूचं. शेवटी सगळ्यांत वादाचं काम आलं, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. सातवी-आठवी शिकलेली बाई चार दिवसांच्या बाळाला सुई टोचणार, हे ऐकूनच डॉक्टरमंडळी बिथरत. धोक्याची भीती खोटीही नव्हती. म्हणून निदान जुन्या नोंदींतून काढलेल्या सात साध्या खुणांवर आणलं गेलं: दूध ओढणं कमी किंवा बंद होणं, रडणं मंद किंवा बंद होणं, हातपाय सैल पडणं, उलट्या किंवा पोट फुगणं, अंग गार लागणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, नाळेत पू होणं. यांतल्या कोणत्याही दोन खुणा एकदम दिसल्या की उपचार सुरू. घरच्यांना आधी रुग्णालयाचा सल्ला द्यायचा. ते जायला तयार नसतील तर त्यांच्या संमतीने इंजेक्शन. या खुणा आईलाही दिसतात, सांगता येतात. त्यामुळे पुढे पुढे आयाच आरोग्यदूताला हाक मारायला येऊ लागल्या.

तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ३९ गावांतला नवजात मृत्युदर दर हजारी २५.५ वर आला होता. ४७ गावांत तो ५९.६ वर तसाच होता. सुरुवातीचा फरक जमेस धरून ६२ टक्क्यांची घट. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमध्ये दगावण्याचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. खर्च बाळामागे सुमारे पाच डॉलर, त्या वेळचे दोनशेच्या आसपास रुपये. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि नवजात बाळ म्हणजे रुग्णालयच, या जगभरच्या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला.

आणखी एक निष्कर्ष पुढच्या वर्षांत आला आणि तो मला याहूनही मोलाचा वाटतो. कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण फारसं बदललं नव्हतं. आया तशाच अशक्त होत्या, गरिबी तशीच होती, मुलं तितकीच लहान जन्मत होती. पण ती जगत होती. कमी वजनाच्या बाळांतलं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली गेलं. नोंदी उलगडल्यावर कारण कळलं: नुसत्या कमी वजनाने बाळ सहसा मरत नाही, त्यावर थंडी, अपुरं दूध आणि संसर्ग असं एकावर एक चढत जातं तेव्हा ते मरतं. यातलं एक-दोन ओझं उतरवलं तरी बाळ तगतं. गरिबी हटेपर्यंत बालमृत्यू हटणार नाहीत, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना हे उत्तर होतं. गरिबी हटायलाच हवी, पण तोवर थांबायचं कारण नाही.

या प्रयोगाला मर्यादा होत्या. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती; काम आधीपासून जिथे चालू होतं तीच उपायाची गावं झाली. देखरेखीला चोख माणसं होती, आणि संस्थेचे प्रमुख स्वतः तिथेच राहत होते. इतरत्र हे जमेल का? महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात ‘अंकुर’ या प्रकल्पात ते करून पाहिलं आणि मृत्युदर निम्म्यावर आणला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पाच राज्यांत चाचणी घेतली. २००८ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले, आणि त्यांत गावांची वाटणी यदृच्छेने केलेली होती. बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यात घरभेटींनी नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. उत्तर प्रदेशातल्या शिवगढमध्ये इंजेक्शनं मुळीच नव्हती. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणं आणि जन्मवेळच्या चालीरीती बदलणं यावर भर होता. तिथे घट ५४ टक्के होती. दुसऱ्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली.

भारत सरकारने २०११ पासून हा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेला. बाळ रुग्णालयात जन्मलं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. सगळ्या भेटी झाल्या की आशाला २५० रुपये. देशाचा नवजात मृत्युदर २००० च्या सुमारास दर हजारी ४४ होता, तो २०२० मध्ये २० वर आला. याचं सगळं श्रेय घरभेटींना देता येणार नाही. याच काळात बाळंतपणं रुग्णालयात होऊ लागली, रुग्णवाहिका आल्या, जिल्हा रुग्णालयांत नवजात कक्ष उभे राहिले.

मात्र वाटेत या कार्यक्रमातून काय गळलं तेही सांगायला हवं. गडचिरोलीत आरोग्यदूतामागे दर पंधरवड्याला येऊन तिचे तक्ते तपासणारा, तिच्याबरोबर घरी जाऊन बाळ पाहणारा माणूस होता. आशाच्या मागे बहुतेक ठिकाणी फॉर्म गोळा करणारा माणूस असतो. इंजेक्शनाची परवानगी आशाला मिळालीच नाही. २०१४ मध्ये केंद्राने, बाळाला पुढे नेणं शक्यच नसेल अशा वेळी, जेंटामायसिन द्यायची मुभा एएनएमला, म्हणजे परिचारिकेला दिली. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यांत परिचारिका उपकेंद्रात असते आणि आशा गावात. इंजेक्शन मात्र गावात नसतं. आणि सगळ्यांत मोठी गळती नोंदींची. २००१ मध्ये ‘सर्च’ आणि इतर संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी दप्तरात येतच नाहीत, असं त्याने दाखवलं तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारला मूल्यमापन समिती नेमावी लागली. कमी मृत्यू दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला शाबासकी आणि खरे मृत्यू नोंदवणाऱ्याला नोटीस, अशी रीत जिथे असेल तिथे कुठलाही आरोग्य कार्यक्रम आंधळाच चालतो.

गडचिरोलीच्या त्या ८६ गावांत मात्र नोंदणी थांबली नाही. मुलांचे मृत्यू घटल्यावरही नोंदणी करणारी माणसं दारोदार जात राहिली आणि आता मोठ्यांच्या मृत्यूंची कारणंही विचारू लागली. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत तिथे १,५९९ माणसं गेली. त्यांतली २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने गेली होती. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेच निघालं. पक्षाघात हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्यांचा आजार अशी समजूत असताना तो धान रोवणाऱ्या, मोहफुलं वेचणाऱ्या माणसांना नेत होता. रक्तदाब वाढलेला असे, पण तो कधी कुणी मोजलेला नसे; गोळ्या स्वस्त असत, पण गावात नसत. तेव्हा संशोधकांनी ६४ गावं घेतली, या वेळी वाटणी चिठ्ठ्यांनी केली, आणि निम्म्या गावांत पन्नाशी ओलांडलेल्यांच्या घरी आरोग्य कार्यकर्ते रक्तदाबाचं यंत्र घेऊन जाऊ लागले.